कंपनीचा खुलासा आला की तो वाचायचा कसा, आणि आपल्यावरच आला तर काय करायचं

मागच्या महिन्यात दोन पोरं माझ्याकडं आली, दोघंही मोबाईलवर बातम्यांचं चॅनल चालवतात, एक केजकडचा आणि एक इथलाच अंबाजोगाईचा. एका कारखान्याच्या मागच्या नाल्यात मळीचं पाणी सोडल्याचा व्हिडिओ त्यांनी टाकला होता आणि तिसऱ्या दिवशी वकिलाच्या लेटरहेडवर तीन पानांचं पत्र आलं. पोरांनी आधी व्हिडिओ काढून टाकला आणि मग माझ्याकडं आली. मी म्हणलं, अरे काढला काहून? तर म्हणे दादा, तीन पानं आहेत, बदनामी, हेतुपुरस्सर, आर्थिक नुकसान, लई शब्द आहेत त्यात. मी पत्र त्यांनाच मोठ्यानं वाचायला लावलं आणि एकच विचारलं, तुमच्या व्हिडिओतलं कोणतं वाक्य खोटं आहे असं ह्यात लिहिलंय ते बोट ठेवून दाखवा. दोनदा वाचलं त्यांनी. बोट कुठंच टेकलं नाही.

तवाच ठरवलं की हे एकदा सविस्तर लिहून काढायचं. मी सोळा वर्षं तालुक्याची बातमीदारी करतोय आणि माझ्यासारखे, त्या पोरांसारखे, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत शेकड्यानं आहेत, पगार नाही, वकील नाही, पाठीमागं कोणी नाही. हे शिकवायला माझ्याकडं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे ते आपल्याकडचं नाही, अमेरिकेतलं आहे, एक्सॉनमोबिल ही तेल कंपनी आणि तिथले पत्रकार यांचं २०१५ चं भांडण. विषय हवामान बदलाचा. म्हणजे पाऊस, गारपीट, उन्हाळा, आपल्या रोजच्या जगण्याचाच की.

आधी भांडण काय ते ऐका

एक्सॉन म्हणजे कोण, तर आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना एस्सो हे नाव आठवत असेल, तीच. १९७४ ला सरकारनं एस्सोचा भारतातला धंदा ताब्यात घेतला आणि त्यातूनच हिंदुस्थान पेट्रोलियम उभी राहिली, म्हणजे आपण एचपीच्या पंपावर गाडी लावतो त्या पंपाची मुळं तिथपर्यंत जातात. पुढं १९९९ ला एक्सॉन आणि मोबिल एक झाल्या. हे साल ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

सप्टेंबर २०१५ मध्ये इनसाइड क्लायमेट न्यूज नावाच्या छोट्याशा वेबसाइटनं लेखमाला सुरू केली. छोटी म्हणजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं, पण २०१३ ला पुलित्झर, म्हणजे तिकडचा पत्रकारितेतला सगळ्यात मानाचा पुरस्कार, मिळालेली. त्यांनी जुनी कागदं आणि जुने शास्त्रज्ञ शोधून काढले आणि लिहिलं की जुलै १९७७ मध्ये जेम्स ब्लॅक नावाच्या एक्सॉनच्याच वरिष्ठ शास्त्रज्ञानं कंपनीच्या सर्वात वरच्या समितीसमोर उभं राहून सांगितलं होतं, की तेल कोळसा जाळून हवेत जो कार्बन डायऑक्साइड साठतोय त्यानं पृथ्वी तापणार आहे. कंपनीनं ते उडवून लावलं नव्हतं बरं का, उलट मनावर घेतलं, १९७९ ला एस्सो अटलांटिक नावाच्या अवाढव्य तेलवाहू जहाजावर यंत्रं बसवून समुद्रातला आणि हवेतला कार्बन मोजायला लावला. मग १९८२ च्या नोव्हेंबरात कंपनीच्या आत एक टिपण फिरलं, त्यात आलेख होता की पुढं कार्बन किती वाढेल अन् तापमान किती. टिपणासोबत जोडलेल्या पत्रात लिहिलं होतं की हे कंपनीबाहेर द्यायचं नाही. त्या आलेखात २०२० च्या आसपास कार्बनचा आकडा साधारण ४१५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४१५ भाग, दिसतो, आणि मे २०१९ ला हवाईतल्या मौना लोआच्या वेधशाळेत खरंच ४१५ च्या वर नोंद झाली. सदतीस वर्षं आधी काढलेली रेघ.

त्यानंतर ऑक्टोबर २०१५ ला लॉस एंजेलिस टाइम्समध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता शाळेच्या टीमनं वेगळा शोध छापला. त्यातली एक गोष्ट मला फार लागली. कॅनडाच्या कॅलगरी शहरात एक म्युझियम आहे, ग्लेनबो, तिथं एक्सॉनच्या तिकडच्या कंपनीची, इम्पीरियल ऑइलची, जुनी कागदं ठेवलेली. त्या कागदांतून दिसलं की १९८६ नंतर कंपनीची माणसं उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात बर्फ वितळलं तर आपल्याला तेल काढायला किती सोपं जाईल याचा हिशेब करत होती, बर्फ नसलेला काळ दोन महिन्यांवरून तीन ते पाच महिन्यांवर जाईल असा अंदाज. म्हणजे धंद्याच्या वहीत तापमानवाढ धरली होती. आणि त्याच काळानंतर, १९९७ ला, कंपनीचे प्रमुख ली रेमंड बीजिंगच्या तेल परिषदेत सांगत होते की आत्ता पावलं उचलली काय आणि वीस वर्षांनी उचलली काय, फारसा फरक पडणार नाही.

१९९७ अधिक वीस म्हणजे २०१७. मधे २०१६ आलं. १२ एप्रिल २०१६ ला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी तेव्हा लातुरात बहिणीकडं होतो, तिच्या गल्लीत घागरींची रांग होती आणि प्रत्येक घागरीच्या गळ्याला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली, रात्रीच्या अंधारात कोणाची कोणती ते कळावं म्हणून. पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली होती. माझ्या मनात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी बसल्यात त्या अशा. पण थांबा, ह्याच्यावरून बातमीत काय लिहायचं नाही तेही पुढं सांगणार आहे.

मूळ बातमी स्वतः वाचायची, खुलाशातून नाही

आपल्याकडं होतं काय की बातमी कोणीच पूर्ण वाचत नाही, खुलासा मात्र सगळ्या ग्रुपवर फिरतो आणि खुलाशात बातमीचा जो सारांश असतो तोच लोक बातमी समजतात. एक्सॉनच्या वेळीही हेच झालं, पुष्कळ लोकांची समजूत झाली की पत्रकारांनी म्हणलंय कंपनीला सगळं पक्कं माहीत होतं आणि तिनं संशोधन दडवून ठेवलं. बातमी त्याहून बारीक होती. कंपनीनं संशोधन केलं, चांगलं केलं, त्यातलं काही जाहीरही केलं, आणि नंतर लोकांसमोर बोलताना शंका पसरवली, असं ते होतं. म्हणून आधी मूळ बातमी काढा, प्रिंट काढता आली तर उत्तम, आणि प्रत्येक ठोस दाव्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा. ठोस म्हणजे तारीख, माणूस, कागद, आकडा. विशेषणाखाली रेघ मारू नका.

वहीच्या पानावर मधोमध रेघ

आता हे खरं काम, इथं घाई करू नका. वहीचं कोरं पान घ्या, मधून उभी रेघ ओढा, डावीकडं बातमीतले दावे आणि उजवीकडं त्या त्या दाव्यापुढं कंपनीचं उत्तर. उत्तर नसेल तर ती जागा कोरी सोडायची, स्वतःच्या मनानं भरायची नाही.

एक्सॉनचं पान मी पोरांना भरून दाखवलं. डावीकडं: १९७७ ला ब्लॅकनं वरिष्ठांना सांगितलं. उजवीकडं: हे झालंच नाही असं कंपनी म्हणाली का? नाही. डावीकडं: जहाजावर यंत्रं बसवली. उजवीकडं: कंपनी म्हणाली हो, संशोधन केलंच, आम्ही ते उघडपणे केलं, सरकार आणि विद्यापीठांबरोबर केलं, शास्त्रीय मासिकांत छापलं. म्हणजे इथं तर दावा मान्यच झाला. डावीकडं: १९८२ चं टिपण. उजवीकडं: कागद खोटा आहे असं नाही, तर पत्रकारांनी सोयीची वाक्यं तेवढी वेचून घेतली, संदर्भ तोडला, दिशाभूल केली. डावीकडं: नंतर जाहिरातीतून आणि भाषणांतून शंका पसरवली. उजवीकडं: विज्ञान तेव्हा अजून विकसित होत होतं, अनिश्चितता होती.

पान भरलं की चित्र आपोआप स्पष्ट होतं. कागद खोटा म्हणणं एक, आणि कागदाचा अर्थ तुम्ही चुकीचा लावला म्हणणं दुसरं, ह्या दोन तक्रारींत जमीन अस्मानाचा फरक आहे. पहिली असेल तर पत्रकारानं ताबडतोब कागद तपासायला पाहिजे, चुकला असेल तर दुरुस्ती छापायला पाहिजे, त्यात कमीपणा नाही. दुसरी असेल तर वाचकानं पूर्ण कागद वाचायचा. सोयीचं वेचलं हा आरोप खरा की खोटा हे ओळखायचा एकच रस्ता, वेचलेलं सोडून बाकीचं काय आहे ते बघायचं.

आणि गंमत नाही, खरंच हे झालं. कंपनीनंच लोकांना आवाहन केलं होतं की सगळी कागदं वाचा आणि स्वतः ठरवा. हार्वर्डच्या दोघा अभ्यासकांनी, जेफ्री सुप्रान आणि नाओमी ओरेस्केस यांनी, ते मनावर घेतलं, १९७७ ते २०१४ पर्यंतची १८७ कागदं एकेक करून वाचली आणि २०१७ ला निष्कर्ष छापला. शास्त्रीय लेखांपैकी ८३ टक्के आणि आतल्या कागदांपैकी ८० टक्के तापमानवाढ खरी आहे, माणसामुळं आहे असं मान्य करत होते. आणि वर्तमानपत्रातल्या लेखासारख्या दिसणाऱ्या जाहिराती? त्यातल्या १२ टक्केच मान्य करत होत्या, ८१ टक्क्यांत शंका.

ह्यावर कंपनीनं जे उत्तर दिलं तेही प्रामाणिकपणे उजवीकडं लिहा. ती म्हणाली की त्या जाहिराती बहुतेक मोबिलच्या आहेत आणि संशोधन एक्सॉनचं, १९९९ पर्यंत ह्या दोन वेगळ्या कंपन्या होत्या, एकाच्या तोंडचं दुसऱ्याच्या वहीशी काय जुळवता. मला हा आक्षेप रास्त वाटला होता, कारण आपण सुद्धा एका कारखान्याचा जुना चेअरमन आणि नवा चेअरमन यांची सरमिसळ करतो. पण अभ्यासकांनी तो टाळला नाही, २०२० ला परत वेगवेगळं करून मांडलं की एक्सॉन, मोबिल आणि नंतरची एक्सॉनमोबिल, तिघींच्या बाबतीत हेच दिसतं. मुद्द्याला मुद्द्यानं उत्तर, भांडण असं चाललं तर दोन्ही बाजूंकडून शिकायला मिळतं. २०२३ ला सायन्स मासिकात तर त्यांनी कंपनीच्या आतल्या तापमानाच्या अंदाजांचीच परीक्षा घेतली, मोजायची पद्धत बदलली तरी ६३ ते ८३ टक्के अंदाज बरोबर निघाले. दर दशकाला साधारण ०.२ अंश वाढ असा त्यांचा अंदाज होता.

पत्र कोणाला लिहिलंय ते बघा

हा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा आहे त्यामुळं जरा लांबेल. एक्सॉनचे तेव्हाचे उपाध्यक्ष केनेथ कोहेन यांनी २० नोव्हेंबर २०१५ ला तक्रारीचं पत्र लिहिलं. कोणाला? बातमी लिहिणाऱ्यांना नाही. कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष ली बोलिंजर यांना. पत्रकारांनी नैतिकतेचे नियम मोडले असा आरोप होता आणि कंपनीचे विद्यापीठाशी जुने चांगले संबंध आहेत ह्याची आठवणही त्यात होती.

हे वाचलं तेव्हा मला माझ्याच आयुष्यातली एक संध्याकाळ आठवली. खूप वर्षं झाली, मीही एका युनिटच्या सांडपाण्यावर तीन कॉलमची बातमी केली होती. मला कोणाचा फोन आला नाही. आमच्या जिल्हा कार्यालयाला आला, आणि तोही बातमीच्या विभागात नाही, जाहिरात विभागात. दिवाळी पुरवणी तोंडावर होती. तालुक्याचा बातमीदार काय असतो ते बाहेरच्यांना कळायचं नाही, आम्हाला बातमीचे पैसे जवळजवळ नसतातच, घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर, पंधरा ऑगस्ट, दिवाळी, सव्वीस जानेवारी. ज्याच्यावर बातमी लिहायची त्याच्याच दारात दोन महिन्यांनी शुभेच्छांचं पान मागायला जायचं. साहेबांनी मला फोनवर एवढंच विचारलं, तुझ्याकडं काय आहे? माझ्याकडं चार फोटो होते, त्यावर तारीख नाही, तीन शेतकऱ्यांचं तोंडी सांगणं, लिहून घेतलेलं नाही, आणि युनिटची बाजू विचारायला मी गेलो होतो पण गेटवरून परत पाठवलं त्याचा काही पुरावा नाही. दुसऱ्या दिवशी खुलासा छापून आला, माझ्या बातमीपेक्षा मोठा. त्या शेतकऱ्यांच्या बोअरला वास यायचा तो पुढंही येत राहिला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

कोलंबियात वेगळं झालं. पत्रकारिता शाळेचे डीन स्टीव्ह कोल यांनी १ डिसेंबर २०१५ ला उत्तर लिहिलं. आवाज चढवला नाही. त्यांनी आपल्या टीमचे ईमेल काढले, कोणत्या तारखेला कंपनीला काय विचारलं, कंपनीनं काय उत्तर दिलं किंवा दिलं नाही, सगळं मांडलं आणि म्हणले की तुमच्या आरोपांना पुराव्याचा आधार नाही, उलट आरोप खोटे असल्याचं दाखवणारे ईमेल तुमच्याच लोकांकडं आहेत. कोल यांच्याकडं जपून ठेवलेले ईमेल होते आणि माझ्याकडं नुसते चार फोटो. फरक हिमतीचा नव्हता, रेकॉर्डचा होता.

म्हणून कोणतंही पत्र हातात आलं की आधी वरचा पत्ता वाचा. लिहिणाऱ्याला आहे, संपादकाला आहे, का मालकाला आहे, का पोराच्या बापाला निरोप आहे.

पैसे कोणाचे, हे विचारायचंच, पण तिथंच थांबायचं नाही

एक्सॉनचा एक आक्षेप असा होता की ह्या दोन्ही शोधांना रॉकफेलर घराण्याच्या संस्थांनी पैसे दिलेत आणि त्या संस्था आधीच तेल कंपन्यांच्या विरोधात आहेत. पैसे दिले होते हे खरं आहे. आणि हे रॉकफेलर म्हणजे ज्यांच्या स्टँडर्ड ऑइलमधून एक्सॉन जन्मली तेच घराणं. मार्च २०१६ ला रॉकफेलर फॅमिली फंडानं तर जाहीरच केलं की तेल कोळशातली गुंतवणूक काढून घेणार.

वाचकाला हे कळलंच पाहिजे, ज्यानं पैसे दिले त्याचं नाव बातमीसोबत असावं हे माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडच्या चॅनलवाल्यांनी पण लिहावं, गाडीचं डिझेल कोणी भरलं ते सुद्धा. पण एवढं झाल्यावर परत वहीकडं या. पैसे कोणाचेही असोत, १९८२ चा कागद १९८२ लाच टाइप झालाय, तो देणगीनं बदलत नाही. पैशाचा प्रश्न पत्रकारानं काय वगळलं असेल ते शोधायला वापरा, कागद फेकून द्यायला वापरू नका.

कोर्टानं क्लीन चिट दिली म्हणलं की निकालातला प्रश्न वाचा

हे तर आपल्याकडं रोजचं आहे. १० डिसेंबर २०१९ ला न्यूयॉर्कच्या कोर्टात एक्सॉन जिंकली आणि लगेच बोलबाला झाला की बघा, पत्रकार खोटे ठरले. मुळात खटला पत्रकारांचा नव्हताच, न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी वकिलांनी भरलेला होता, आणि प्रश्न असा होता की पुढं कार्बनवर कर किंवा बंधनं आली तर किती खर्च येईल ह्याचा हिशेब सांगताना कंपनीनं शेअरवाल्यांना फसवलं का. न्यायाधीश बॅरी ऑस्ट्रेगर म्हणले सिद्ध झालं नाही. आणि त्याच निकालात त्यांनी लिहिलं की हा रोख्यांतल्या फसवणुकीचा खटला आहे, हवामान बदलाचा नाही, आणि हवामान बदलात कंपनीचा जो वाटा आहे त्या जबाबदारीतून हा निकाल तिला मोकळं करत नाही. म्हणून निकाल कोणाच्या बाजूनं हे नंतर, कोर्टाला विचारलं काय होतं ते आधी.

आपण लिहिताना काय लिहायचं नाही

आता कान टोचायची वेळ. कंपन्यांचा खुलासा कधी कधी बरोबर असतो कारण आपणच वाहवत जातो. २०१६ चा लातूरचा दुष्काळ तेल कंपनीमुळं पडला असं लिहाल तर पहिल्या फटक्यात पडाल. त्या वर्षाआधी मोठा एल निनो होता, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून आपल्याकडचा पाऊस घटू शकतो ते, मांजरा धरण कोरडं पडलं होतं, खोऱ्यात ऊस होता, शहराच्या पाण्याचं नियोजन नव्हतं, सगळं मिळून ते झालं. फेब्रुवारी मार्च २०१४ ची गारपीट असो नाहीतर सप्टेंबर २०२५ चा पूर असो, एकेका घटनेचं खापर एकट्या हवामान बदलावर फोडण्याआधी शास्त्रज्ञांनी त्या घटनेचा अभ्यास केलाय का ते बघा. नसेल तर एवढंच लिहा की जग तापलं की हवेत बाष्प जास्त मावतं, त्यामुळं कमी वेळात जास्त पाऊस पडायची शक्यता वाढते. हे पक्कं विज्ञान आहे.

आणि आकडा गावचा घ्या. महसूल मंडळात पर्जन्यमापक असतो, चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरतात. जिल्ह्याची सरासरी लिहू नका, त्या सरासरीनं आपल्या लोकांचं फार नुकसान केलंय. एका मंडळात सोयाबीन पाण्याखाली आणि शेजारच्या मंडळात ढेकळं फुटेनात, आणि सरासरी म्हणतीय समाधानकारक. परभणीच्या कृषी विद्यापीठात हवामानाच्या जुन्या नोंदी आहेत, तिथल्या लोकांना फोन करा, नम्रपणे विचारलं की सांगतात.

आपल्यावरच पत्र आलं तर

आधी काही काढू नका आणि काही नवीन टाकू नका, एक दिवस गप्प बसा. रागात फेसबुक लाइव्ह तर अजिबात नाही. पाकीट सुद्धा जपून ठेवा, त्यावर पोस्टाचा शिक्का आणि तारीख असते. मग वहीचं पान, मधोमध रेघ, वर सांगितलं तसं. त्यात एखादं वाक्य खरंच चुकलेलं सापडलं तर त्याच दिवशी दुरुस्ती टाका, ठळक टाका, कुठं चुकलं ते लिहून टाका. एक चूक मान्य केली की बाकीच्या नऊ खऱ्या गोष्टी जास्त घट्ट होतात, हा माझा अनुभव आहे.

पत्र यायच्या आधीची तयारी मात्र बातमी करतानाच होते, नंतर नाही होत. समोरच्याला प्रश्न विचारायचे ते लेखी, ईमेल किंवा व्हॉट्सॲप, उत्तराला वेळ देऊन. गेटवरून परत पाठवलं तर तिथंच उभं राहून मेसेज टाकायचा की मी अमुक वाजता आलो होतो, आपली बाजू हवी आहे. व्हिडिओची मूळ फाइल फोनातच ठेवू नका, पेन ड्राइव्हवर आणि एका विश्वासातल्या माणसाकडं द्या, कारण फॉरवर्ड केलेल्या व्हिडिओतून तारीख जागा सगळं उडून जातं. शेतकऱ्याचं म्हणणं लिहून त्याला वाचून दाखवून सही घ्या, पण त्याला आधी सांगा की उद्या त्रास होऊ शकतो, नाव नको म्हणला तर नाव देऊ नका, तो त्याच कारखान्याला ऊस घालतो हे विसरू नका. नाल्याचं पाणी बाटलीत भरून आणलं तर ते दाखवायला ठीक, कोर्टात टिकायचं तर नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसानं रीतसर घेतलेला लागतो, म्हणून पाणी दिसलं त्याच दिवशी मंडळाला लेखी तक्रार आणि पोच. माहिती अधिकारात मंडळाच्या तपासणीचे अहवाल मागा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं त्यांना.

अब्रुनुकसानीची भीती घालतात, ते कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. त्यातला पहिलाच अपवाद असा की गोष्ट खरी असेल आणि लोकांच्या भल्यासाठी सांगितली असेल तर ती अब्रुनुकसानी होत नाही. दोन्ही पाहिजेत, खरी पण आणि लोकहिताची पण. ही वकिलाची नोटीस असेल तर उत्तर वकिलाला दाखवल्याशिवाय पाठवू नका, तालुक्याच्या बारमध्ये एखादा तरी भला माणूस असतोच जो चहावर वाचून देतो.

पोरांच्या उत्तराचा मसुदा आम्ही तिघांनी बसून केला, वकील मित्रानं दोन शब्द बदलले. एवढाच आहे, लागला तर घ्या:

“आपले पत्र मिळाले. आमच्या व्हिडिओमधील नेमके कोणते विधान आपल्या मते असत्य आहे, ते वेळेसह कळवावे. त्याबाबत आपल्याकडील कागदपत्रांची प्रत जोडावी. विधान चुकीचे आढळल्यास आम्ही त्याच ठिकाणी दुरुस्ती प्रसिद्ध करू. व्हिडिओ करण्यापूर्वी आपल्या कार्यालयास व्हॉट्सॲपवर पाच प्रश्न पाठवले होते, त्याचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. त्या प्रश्नांची उत्तरे आजही मिळाल्यास ती जशीच्या तशी दाखवू.”

स्पीड पोस्टानं पाठवलं, पावती वहीत त्याच पानाला स्टेपल केली. व्हिडिओ त्याच संध्याकाळी परत टाकला, खाली कंपनीचं पत्र पूर्ण वाचून दाखवलं, तीनही पानं, एक शब्द न गाळता. केजच्या पोरानं वाचलं, आवाज थोडा थरथरत होता सुरुवातीला, दुसऱ्या पानावर सरळ झाला.